पोलीस विनापरवाना घरात शिरले तर दार अडवता येते का?

गुहागर तालुक्यातून आलेले आपले पत्र वाचले. बांधावरून चुलत दिराशी वाद झाला, त्याने शिवीगाळीची तक्रार दिली आणि रात्री साडेदहाला दोन पोलीस ओटीवरून थेट माजघरात शिरून कपाटातील सातबारा व वाटपपत्र पावती न देता घेऊन गेले. दारात आडवा हात धरून उभ्या राहिलेल्या मुलावर आता सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा दाखल करू, असे धमकावले जात असल्याचे आपण लिहिले आहे.

तक्रार अदखलपात्र असेल, तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही, मग झडतीचा प्रश्न येतोच कुठे? गुन्हा दखलपात्र असला, तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ प्रमाणे वॉरंटशिवाय झडती घेण्याची कारणे लेखी नोंदवून त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावी लागते. शिवाय दोन पंच हवेत, चित्रीकरण हवे आणि नेलेल्या वस्तूंच्या यादीची प्रत आपल्याला मिळायला हवी. आपल्या घरी यातले काहीच झालेले दिसत नाही.

तरीही मुलाला अंगावर जाऊ देऊ नका, हे मी कळकळीने सांगतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३७ नुसार पोलीस सद्हेतूने, पदाच्या नात्याने वागत असेल आणि मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती नसेल, तर त्याची कृती काटेकोरपणे कायदेशीर नसली तरी तिच्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क मिळत नाही. सद्हेतू होता की नव्हता, हे न्यायालय पुष्कळ उशिरा ठरवते, आणि तोवर कोठडीत बसावे लागते ते पोराला. सरकारी कामात अडथळ्याच्या, म्हणजे याच संहितेच्या कलम १३२ साठी मात्र हल्ला किंवा फौजदारी बलप्रयोग लागतो, आणि नुसता आडवा धरलेला हात त्यात बसत नाही, असे माझे मत आहे.

पुन्हा कोणी आले, तर खिडकीतूनच नाव, बक्कल क्रमांक आणि वॉरंट विचारा, पोलीस पाटलांना बोलावणे धाडा, ‘माझी संमती नाही’ हे मोठ्याने सांगून मोबाइलवर चित्रीकरण करा. वॉरंट दाखवले, तर मात्र कडी काढा, कारण प्रवेश नाकारल्यास दार तोडण्याचा अधिकार त्यांना आहे.

आता दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून झडतीच्या नोंदीची प्रत मागा; ती विनामूल्य मिळते, आणि नोंदच नसेल, तर तोच आपला मोठा पुरावा ठरेल. जिल्हा पोलीस अधीक्षकांना रजिस्टर्ड पोस्टाने तक्रार पाठवा, कारण अधिकार किंवा वाजवी कारण नसताना घरात शिरणे हा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १४७ खाली पोलिसाचाच गुन्हा आहे. कलम १३२ अजामीनपात्र असल्याने मुलाच्या अटकपूर्व जामिनासाठी या आठवड्यातच स्थानिक वकिलांना भेटा.