हंट्सव्हिलला नक्की कोण चाललंय?

प्रश्न : माझ्या मुलाने नाशिकला मेकॅनिकलमध्ये बीई केलं. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या हंट्सव्हिलच्या विद्यापीठात त्याला एरोस्पेसच्या एमएसला प्रवेश मिळाला आहे. गावातच नासाचं केंद्र आहे, त्यामुळे तिथे शिकला की नासात लागेल, असं ओळखीचे सांगतात. मुलगा म्हणतो, गाव लहान आहे, डलासला मित्र आहेत, तिकडे बघू. एरवी तो फारसा बोलत नाही. माझ्या साडूंच्या द्राक्षांच्या पॅकहाउसवर पडीक असतो. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्टही त्याने द्राक्षांच्या प्रीकूलिंगवरच, म्हणजे तोडलेला माल झटपट थंड करण्यावर केला. फ्लॅट तारण ठेवून ४० लाखांच्या कर्जाची तयारी झाली आहे, नातेवाइकांत पेढेही वाटून झाले. दक्षिणेकडचं असं मध्यम शहर त्याच्यासाठी योग्य आहे ना? त्याला कसं समजवावं?
- एक पालक, नाशिक

उत्तर : तुमचं मूळ पत्र इथे छापलं आहे त्याहून बरंच मोठं आहे. त्यात पानोपानी नासा आहे. मुलाच्या तोंडचं वाक्य मात्र एकच, आणि तेही तुम्ही खोडून काढण्यासाठी दिलेलं. शहराबद्दल विचारलंत, तर ते आधी सांगते. पण माझी काळजी वेगळी आहे.

हंट्सव्हिल वाईट नाही. २०२०च्या जनगणनेत २ लाख १५ हजार वस्ती. एके काळी कापसाच्या गिरण्यांचं गाव होतं. १९५० मध्ये व्हर्नर फॉन ब्राउन आपल्या रॉकेटवाल्या जर्मन सहकाऱ्यांसह तिथे आले, १९६० मध्ये नासाचं मार्शल केंद्र सुरू झालं आणि चंद्रावर माणसं नेणाऱ्या सॅटर्न-५चं काम तिथेच झालं. त्यामुळे आजही इंजिनिअर मंडळी गल्लोगल्ली भेटतात. घरभाडं मोठ्या महानगरांपेक्षा परवडतं. भारतीय वाणसामान मिळतं. अडचण आहे ती गाडीची. बस आहे, पण रात्री लॅबमधून निघालेल्या मुलाने तिच्या भरवशावर राहू नये. म्हणजे जुनी का होईना, गाडी आली. तिचा विमा, पेट्रोल, दुरुस्ती आलीच. तुमच्या ४० लाखांच्या हिशोबात हे कुठे दिसत नाही. उन्हाळा दमट, अंगाला चिकटणारा. वसंतात टोर्नेडो, म्हणजे जमिनीवरून भोवऱ्यासारखी फिरत जाणारी वादळं येतात. २७ एप्रिल २०११च्या वादळांनंतर तो सगळा भाग कित्येक दिवस अंधारात होता. सायरन वाजला की तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या जागेत जाऊन बसायचं, हे पहिल्या आठवड्यातच शिकावं लागतं. नॅशव्हिल दोन तासांवर, अटलांटा साधारण चार. गणपतीला मराठी माणसांत जायचं म्हटलं तरी हायवे आला. अलाबामा म्हटलं की वर्णद्वेष आठवतो, आणि तो इतिहास खरा आहे. १९६३ मध्ये त्याच राज्यातल्या बर्मिंगहॅमला चर्चमध्ये बॉम्ब ठेवून चार मुलींचा जीव घेतला होता. पण बाहेरून शिकायला आलेल्या मुलाला तिथे रोज छळते ती बहुधा एकटं पडण्याची भीती.

आता नासा. हा गैरसमज माझ्याकडे दरवर्षी कुठल्या ना कुठल्या पत्रातून येतो. नासाच्या थेट सरकारी नोकरीसाठी अमेरिकी नागरिकत्व लागतं, त्याला अपवाद फारच थोडे. नासाची आणि लष्कराची कंत्राटं घेणाऱ्या खासगी कंपन्यांत तरी शिरता येईल, असं वाटत असेल तर तिथे निर्यात नियंत्रणाचे कायदे आडवे येतात. रॉकेट, क्षेपणास्त्र, उपग्रह यांचं बरंचसं तांत्रिक ज्ञान परदेशी माणसाच्या हाती देणं, मग तो शेजारच्या टेबलावर का बसेना, निर्यातच धरली जाते. त्यासाठी परवाना लागतो आणि त्या भानगडीत कंपन्या सहसा पडत नाहीत. त्यांना नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हवा असतो. ग्रीन कार्डाला देशागणिक ७ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे भारतीयांची रांग दशकाच्या पुढे गेलेली आहे. तुमच्या मुलाच्या हातात पदवीनंतर कामासाठी एक वर्ष आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शाखेमुळे आणखी दोन वर्षं, अशी तीन वर्षं असतील. पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी. हंट्सव्हिलमध्ये सध्या जी मोठी भरभराट आहे ती रेडस्टोन आर्सेनल या लष्करी तळाभोवतीची. स्पेस कमांड या अमेरिकी लष्कराच्या अंतराळ विभागाचं मुख्यालय तिथे नेण्याची घोषणा २०२५ मध्ये झाली. ही सगळी वाढ अमेरिकी नागरिकांसाठीची. विद्यापीठातही संरक्षण खात्याच्या पैशावरच्या काही प्रकल्पांत परदेशी विद्यार्थ्याला घेता येत नाही, म्हणजे असिस्टंटशिपची, शिकता शिकता विद्यापीठातच करायच्या पगारी कामाची, दारंही तेवढी कमी. तुमचा मुलगा नासाच्या कुंपणाला लागून राहील आणि आतल्या नोकरीसाठी अर्जसुद्धा करू शकणार नाही. हे तुम्हाला ज्यांनी सांगितलं नाही, त्यांना पेढे जास्त गेले.

त्याच गावात टोयोटाचा इंजिनांचा कारखाना आहे, माझदा-टोयोटाचा गाड्यांचा आहे. मेकॅनिकलवाल्या परदेशी मुलाने विचारपूस करायची तर ती तिथे. पण त्यासाठी एरोस्पेसची पदवी कशाला?

मुलाच्या डलासच्या हट्टालाही मी पाठिंबा देणार नाही. मित्र आहेत म्हणून शहर निवडणं हे बाविसाव्या वर्षी समजण्यासारखं असलं तरी चुकीचं आहे. डलासभोवती कंपन्या जास्त, तसे त्याच्यासारखे अर्जदारही जास्त. मला तर वाटतं, त्याला डलासही नको आहे. तुम्हाला नाही म्हणता येत नाही, म्हणून त्याने दुसऱ्या गावाचं नाव पुढे केलं.

आणि तुम्ही मला विचारताय, त्याला कसं समजवावं. कशासाठी समजवायचं? एरोस्पेस त्याने निवडलं, असं पत्रात एकदाही आलेलं नाही. ‘त्याच्या भल्यासाठी’ मात्र चार ठिकाणी आहे. कर्जावर त्याचीही सही असणार, हप्ते त्याच्या पगारातून जाणार, आणि पगार नाही मिळाला तर तुमचं राहतं घर जाणार. इतकं ओझं पाठीवर टाकून ज्याला पाठवताय तो आज तुमच्यासमोर तोंड उघडत नाही. पहिल्या सेमिस्टरला एखाद्या विषयात अडकला, खोलीत दार लावून बसला, तर तो तिकडून फोन करून सांगेल असं वाटतं तुम्हाला? घरात न बोलणारी मुलं परदेशात जाऊन आणखी गप्प होतात. त्यांचे आईवडील नंतर माझ्याकडे येतात, आणि तेव्हा शहर कुठलं होतं याला काही अर्थ उरलेला नसतो.

पॅकहाउसवर तो ‘पडीक’ असतो, असं तुम्ही वैतागून लिहिलंत. मला संपूर्ण पत्रात तेवढीच ओळ आशेची वाटली. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिंडोरी-निफाडकडच्या पॅकहाउसवर काय चालतं ते एकदा जाऊन बघा. शेतातून आलेला माल उन्हाने तापलेला असतो. काही तासांत मण्यांच्या आतलं तापमान खाली आलं नाही तर देठ वाळतो, आणि युरोपात पोचेपर्यंत पेटीची किंमत पडते. पंख्याने थंड हवा पेट्यांतून ओढून घ्यायची, पण मणी सुकू द्यायचे नाहीत. मध्येच वीज जाते, कॉम्प्रेसर बसतो. उष्मागतिकीचं पुस्तक तिथे उघड्यावर पसरलेलं आहे, आणि तुमचा मुलगा कोणी न सांगता ते वाचत बसलाय.

त्याला खरंच यात रस असेल तर शीतकरणाच्या क्षेत्रात एक-दोन वर्षं नोकरी करू द्या, मग पुढे शिकू द्या. गेट देऊन आयआयटीत एमटेकचा रस्ता तुम्हाला ठाऊक असेलच. अमेरिकाच हवी तर पर्ड्यू विद्यापीठाची हेरिक प्रयोगशाळा या विषयासाठी नावाजलेली आहे. तेही गाव छोटंच. आणि त्याने स्वतः सांगितलं की नाही, मला विमानंच हवीत, तर ओझरला एचएएलमध्ये सुखोई आणि आता तेजसही बनतं. तुमच्या घरापासून तासभराच्या आत.

या आठवड्यात दोन कामं करा. बँकेला सांगून कर्जाचं वाटप थांबवा. आणि प्रवेश पुढच्या सत्रापर्यंत लांबवता येईल का, हे विद्यापीठाला विचारा. त्यांच्याशी सगळा पत्रव्यवहार मुलाच्या मेलवरून तुम्हीच करता, असं तुम्ही अभिमानाने लिहिलं आहे. हा मेल मात्र त्याला लिहू द्या. त्याने ‘लांबवा’च्या जागी ‘नको’ लिहिलं, तर तेही जाऊ द्या.