दर वेळी तिसऱ्या आठवड्यात बंद पडणारा व्यायाम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पळायला आणि वजनं उचलायला दर वेळी जोरात सुरुवात होते, दोन-अडीच आठवडे मस्त जातात, मग एक दिवस चुकतो आणि सगळंच बारगळतं. हे चौथ्यांदा झालंय, तर मोटिव्हेशन टिकवायचं कसं? शिवाय एक मित्र म्हणतो की पळाल्याने मसल्स जातात, तेव्हा दोन्हींपैकी एकच काहीतरी धर.

मीही तुमच्याच जातकुळीतली, पक्की आरंभशूर. तुमचं चौथ्यांदा झालंय, माझं पाचदा बंद पडलं आणि सहाव्यांदा टिकलं. त्याला आता पाच वर्षं होतील. मी काही धावपटू नाही. आठवड्यातून तीनदा पळते, दोनदा वजनं उचलते, वय ४४. तेवढ्याच भांडवलावर लिहितेय.

तुम्ही प्रश्नात असं धरून चाललाय की उत्साह टिकत नाही हा तुमच्या स्वभावाचा दोष आहे. मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं. पण तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास शरीरातच काही गोष्टी एकदम जमून येतात आणि त्या आपल्याला आधी कुणी सांगितलेल्या नसतात.

दम फार लवकर सुधारतो. पळायला लागल्यावर पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच रक्तातला पातळ भाग वाढतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं. काल धाप लागत होती तिथे आज लागत नाही. मग साहजिकच हुरूप येतो आणि आपण अंतर वाढवतो. हाडं आणि टेंडन, म्हणजे स्नायूंना हाडाशी बांधून ठेवणारे दोर, मात्र असे घाईत नसतात. त्यांना नव्या भाराची सवय व्हायला महिने लागतात. छाती म्हणते पळ, नडगी म्हणते थांब, आणि आपण ऐकतो छातीचं.

माझ्या पाचव्या प्रयत्नात सतराव्या दिवशी मी पहिल्यांदा न थांबता पाच किलोमीटर पळाले. घरभर सांगत फिरले. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला अशी कळ आली की कठडा धरून एकेक पायरी उतरावी लागली. दोन आठवडे विश्रांती घ्यायची म्हणून घेतली, त्याचे पाच महिने कधी झाले ते कळलंही नाही. लोकांना मी सांगायचे की कंटाळा आला म्हणून सोडलं. खरं तर दुखलं म्हणून सोडलं होतं.

वजनांचं वेगळंच. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि मज्जातंतूंच्या जोरावर. स्नायूंमधले जास्तीत जास्त तंतू एकाच वेळी कामाला कसे लावायचे, हे शरीर त्या काळात शिकत असतं. स्नायू डोळ्यांना दिसण्याइतका भरायला साधारण दोन महिने तरी लागतात. म्हणजे डंबेल पाचचा साडेसात किलोचा झालेला असतो, पण आरशातला माणूस जसाच्या तसा. वजनकाटा तर त्याहून दुष्ट. व्यायामाची सवय नसलेले स्नायू कामाला लागले की दुरुस्तीसाठी पाणी धरून ठेवतात, त्यामुळे सुरुवातीला काटा एखादा किलो वरसुद्धा जातो. अठरा दिवस घाम गाळून माणूस काट्यावर उभा राहतो आणि वजन वाढलेलं दिसतं. कुणाचाही धीर सुटेल.

त्यात भर त्या 'एकवीस दिवसांत सवय लागते' या समजुतीची. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं होतं की पेशंटला आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला साधारणपणे कमीत कमी २१ दिवस लागतात. पुढे त्यातला चेहरा गळाला, 'कमीत कमी' गळालं, आणि उरले ते २१ दिवस आपल्या डोक्यावर बसले. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर नीट अभ्यास केला, तो २०१० साली छापून आला. एखादी गोष्ट न ठरवता आपोआप घडायला लागेपर्यंतचा काळ मध्यावर ६६ दिवसांचा निघाला. सर्वात लवकर १८, सर्वात उशिरा अंदाजे २५४. पाणी पिण्यासारख्या सोप्या सवयींपेक्षा व्यायामाला जास्तच वेळ लागला. म्हणजे तुम्ही ज्या दिवशी 'आपल्याला सवय लागतच नाही' म्हणून सोडून देता, तो दिवस मुळात सवय लागण्याचा नव्हताच. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली होती, आणि ती मी घरात भिंतीवर लिहून ठेवायला हवी होती: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही.

आता मी सहाव्यांदा काय वेगळं केलं ते सांगते.

पहिलं म्हणजे वेग पाडला. इतका, की लाज वाटावी. पळताना सोबतच्या माणसाशी आख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे, मध्ये श्वास घ्यायला थांबावं लागलं तर वेग जास्त आहे, एवढाच नियम. सुरुवातीला या नियमाने मला पळताच येईना, कारण माझं सावकाश पळणंसुद्धा मला जड होतं. म्हणून एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा. यात कमीपणा नाही. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये १०,००० मीटर धावलेले जेफ गॅलोवे यांनीच ही मध्ये मध्ये चालण्याची पद्धत सामान्य पळणाऱ्यांमध्ये रुजवली. मला तिसऱ्या आठवड्यात जास्त पळता येत होतं, तरी मी पळाले नाही. खरं सांगायचं तर संपूर्ण प्रकरणात सर्वात अवघड गोष्ट ती होती. घरी परतताना 'अजून थोडं चाललं असतं' असं वाटत राहिलं की दुसऱ्या दिवशी बूट आपणहून पायात जातात. आणि पार पिळून निघाल्यावर काय होतं ते तुम्ही चार वेळा बघितलंच आहे.

दुसरं, वाईट दिवसासाठी वेगळा व्यायाम ठरवून ठेवला. आपण वेळापत्रक आखतो ते रविवारी दुपारी, झोप झालेली, पोट भरलेलं असताना. ते पाळायचं असतं गुरुवारी, मीटिंग लांबून डोकं उठलेलं असताना. रविवारच्या माणसाने गुरुवारच्या माणसाला विचारलेलंच नसतं. माझा गुरुवारचा व्यायाम म्हणजे दोन सेट बैठका, दोन सेट जोर, तेही गुडघे टेकून, आणि एक मिनिट प्लँक, म्हणजे कोपरं आणि पायाची बोटं टेकून अंग सरळ धरून ठेवणं. दहा मिनिटांत संपतो. निम्म्या वेळा सुरू केल्यावर पुढे आणखी काही होतं, निम्म्या वेळा नाही होत. नाही झालं तरी तो दिवस मी पूर्ण धरते. यावर माझी एक मैत्रीण म्हणाली की ही स्वतःची फसवणूक आहे. असेल. पाच वर्षं टिकलेली फसवणूक आहे.

तिसरं, सलग दिवस मोजणं सोडून दिलं. सलग ४० दिवस, सलग १०० दिवस या प्रकाराचा मला मनापासून राग आहे. तो आकडा जितका मोठा, तितकं त्याचं तुटणं जिव्हारी लागतं, आणि एकदा तुटला की 'आता काय, गेलंच सगळं' सुरू. वजनांच्या बाबतीत तर तो मूर्खपणाही आहे, कारण स्नायू भरतो तो विश्रांतीत. मी आठवडा मोजते. रविवार रात्रीपर्यंत तीन पळणी, दोन वजनं. सोमवार-मंगळवार वाया गेला तरी आठवडा हातात असतो. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्लाही आठवड्याच्या हिशेबातच आहे: मध्यम जोराचा व्यायाम १५० ते ३०० मिनिटं किंवा जोराचा ७५ ते १५० मिनिटं, आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारं काहीतरी. रोजच केलं पाहिजे असं त्यात कुठे नाही.

मोजणी वहीत करते. साधी शंभरपानी, कोपरे दुमडलेली. समोरच आहे, एक पान तसंच उतरवते: '११ मंगळ. पळणं ३ किमी, मध्ये दोनदा चालले. ऊन. १२ बुध. काही नाही. १३ गुरु. बैठका १२, १२. जोर ८, ६. दुसऱ्या सेटला रडायला आलं. १५ शनि. बूट घातले, कोपऱ्यापर्यंत गेले, पाऊस, परत आले.' तो शनिवारसुद्धा लिहिलाय याचं मला आज कौतुक वाटतं. आरसा आणि काटा दोघंही गप्प असतात त्या पहिल्या दोन महिन्यांत बोलते ती फक्त वही. जोर ८ आणि ६ होते ते महिन्याभराने १२ आणि १०, हे पान उलटलं की दिसतं. आकडा वाढवायचा तोही चिमूटभर. ठरलेल्या सगळ्या रेप्स, म्हणजे एका सेटमधल्या आवृत्त्या, दोन वेळा नीट निघाल्या की मगच वजन वाढवायचं, तेही हाताला मिळेल त्यातलं सगळ्यात लहान.

आणि शेजारच्या काकू. साठीच्या पुढच्या, पळत नाहीत, चालतात, पण अशा चालतात की पळत असूनही त्यांना गाठायला मला घाम फुटतो. आमचं काही ठरलेलं नाही. फक्त मी दोन दिवस दिसले नाही की तिसऱ्या दिवशी म्हणतात, 'काल-परवा दिसली नाहीस.' रागावत नाहीत, कारण विचारत नाहीत. माझ्या फोनमध्ये एक ॲप होतं, ते रोज संध्याकाळी मला आग लागलेल्या चिन्हांसकट प्रोत्साहन द्यायचं, ते मी केव्हाच काढून टाकलं. काकूंना काढून टाकता येत नाही. तुमची चौकशी करणारं असं एखादं माणूस बघा. सल्ला देणारं नको, नुसतं लक्षात ठेवणारं हवं.

मित्राच्या मुद्द्याबद्दल. पळणं ताकदीच्या आड येतं हे अगदीच हवेतलं नाही. रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० साली दहा आठवड्यांचा प्रयोग केला होता. एक गट फक्त वजनं, दुसरा फक्त दमाचा व्यायाम, तिसरा दोन्ही. तिसऱ्या गटाची ताकद सुरुवातीला फक्त वजनं उचलणाऱ्यांइतकीच वाढली, सातव्या-आठव्या आठवड्यानंतर अडकली आणि मग थोडी उतरली. पण ते लोक पायांची वजनं आठवड्यातून पाच दिवस आणि दमाचा जोरकस व्यायाम सहा दिवस करत होते! तुम्ही-मी मिळून तेवढं करत नाही. तीन पळणी आणि दोन वजनं यात आड येण्यासारखं काही नाही. फक्त पायांचा जड व्यायाम आणि लांबचं पळणं लागोपाठच्या दिवशी ठेवू नका, आणि एकाच दिवशी दोन्ही करायचं झालं तर ताकद हवी असेल त्यांनी वजनं आधी उचलावीत. मी तर म्हणेन दोन्ही धराच. पाय आणि कंबर भक्कम झाल्यापासून माझी नडगी तरी परत बोललेली नाही.

मोठा खंड पडला तर? आजारपण, प्रवास, घरातलं काही, पडणारच. दोन-तीन आठवड्यांत दम बऱ्यापैकी उतरतो, ताकद मात्र तेवढ्या काळात जवळजवळ तशीच राहते. शिवाय एकदा कमावलेला स्नायू परत भरताना पहिल्यापेक्षा लवकर भरतो. म्हणून परतल्यावर पहिला आठवडा पळणं निम्मं ठेवायचं आणि वजनं थोडी कमी करून तिथूनच उचलायची. शून्यापासून सुरुवात करायची ही खोड सोडा. आरंभशूराला आरंभच फार आवडतो, तोच धोका आहे.

सकाळी की संध्याकाळी, याने काही बिघडत नाही. रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला ते चिकटवा म्हणजे झालं. मी ऑफिसमधून आल्यावर खुर्चीत बसायच्या आधी कपडे बदलते. एकदा बसले की संपलं. पळणं मोजणारं घड्याळ सध्या घेऊ नका, बूट मात्र चांगले घ्या. आणि जो व्यायामप्रकार बघूनच नकोसा होतो तो यादीतून बेलाशक काढा. मी लंजेस, म्हणजे एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवण्याचा व्यायाम, पाच वर्षांत केलेले नाहीत.

तुम्ही लिहिलंय की पाचव्यांदा सुरू करून आज तेरावा दिवस आहे. मग या आठवड्यात अंतर वाढवू नका, वाटलं तर कमीच करा. मांड्या-पोटऱ्या दोन्ही बाजूंना सारख्या दुखत असतील, दोन-तीन दिवसांत उतरत असतील, तर ते व्यायामाचं दुखणं आहे, त्याकडे फार लक्ष देऊ नका. पण उद्या उठल्यावर नडगीच्या हाडावरून अंगठा दाबत खाली न्या. कुठे एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखलं, तर पळणं थांबवा आणि ते डॉक्टरांना दाखवा. वजनांपैकी बसून किंवा आडवं होऊन करण्यासारखं जे असेल ते तोवर चालू ठेवता येईल, आणि वहीत तेच लिहा.