ड्रमसेट विकू नका, पण त्याची वही एकदा मागून घ्या

प्रश्न : माझा मुलगा बारावी सायन्सला आहे. मिस्टरांचा सांगलीत दातांचा दवाखाना आहे. मुलाने नीट द्यावी, बीडीएस करावं आणि पुढे दवाखाना सांभाळावा, असं आमचं आधीपासून ठरलेलं. पण दहावीनंतर त्याला ड्रमचं वेड लागलं. कॉलेजच्या बँडमध्ये वाजवता वाजवता गातो, गाणीसुद्धा स्वतःच लिहितो म्हणे. आता म्हणतो, बीडीएस नको, पुण्याला जाऊन रॉक बँडच करायचा. मिस्टर म्हणतात, ड्रमसेट विकून टाक. बापलेकाचं बोलणं बंद आहे आणि मधल्या मध्ये माझं मरण. ड्रम वाजवून कुणाचं पोट भरतं का?
– एक आई, सांगली

नमस्कार ताई,

तुम्ही विचारलंय ड्रमबद्दल. पण तुमच्या पत्रातली जी ओळ मी दोनदा वाचली ती वेगळीच आहे : ‘गाणीसुद्धा स्वतःच लिहितो म्हणे.’ हे ‘म्हणे’ मला खटकलं. म्हणजे ती गाणी घरात अजून कुणी वाचलेली नाहीत. वाजवणं, गाणं आणि लिहिणं ही पैशाच्या हिशेबाने तीन वेगळी कामं आहेत, आणि त्यातलं सगळ्यात दुर्लक्षित कामच पुढे सगळ्यात जास्त टिकतं. म्हणून आधी त्याबद्दल.

तुमच्या घराशी फारच जुळणारं एक उदाहरण आहे. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये, ट्रूरो गावात वाढलेला रॉजर टेलर नावाचा मुलगा १९६७ साली लंडनला गेला तो दंतवैद्यक शिकायला. पुढच्या वर्षी इम्पीरियल कॉलेजच्या नोटीस बोर्डावर ‘ड्रमर हवा’ अशी चिठ्ठी लागली होती, तिथून तो ब्रायन मे या विद्यार्थ्याच्या बँडमध्ये गेला. दंतवैद्यक त्याने सोडलं, पण शिक्षण सोडलं नाही. पुढे जीवशास्त्राची पदवी घेतली. मधल्या काळात केन्सिंग्टन मार्केटमध्ये मित्राबरोबर जुन्या कपड्यांचा स्टॉल लावला. तो मित्र आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी. १९७० मध्ये या तिघांचा, पुढे जगभर गाजलेला ‘क्वीन’ हा रॉक बँड झाला, वर्षभराने चौथा आला जॉन डीकन. तो इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. ब्रायन मेने तर अर्धवट राहिलेली खगोलभौतिकीची पीएचडी २००७ मध्ये पूर्ण केली. हे मिस्टरांना जरूर सांगा, पण पूर्ण सांगा. यातल्या कुणालाही पदवीने बँड मिळवून दिला नाही आणि कुणाची पदवी बँडच्या आड आली नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. १९७५ मध्ये क्वीनचं ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ आलं आणि इंग्लंडमध्ये नऊ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. गाणं लिहिलं होतं फ्रेडीने. त्या तबकडीच्या मागच्या बाजूला, म्हणजे बी-साइडला, टेलरने स्वतः लिहिलेलं आणि स्वतःच गायलेलं एक गाणं होतं. लोकांनी तबकडी घेतली पुढच्या गाण्यासाठी. पण विकल्या गेलेल्या प्रत्येक तबकडीमागे दोन्ही बाजूंच्या गीतकाराला सारखीच रॉयल्टी. त्यामुळे ड्रमर टेलरला फ्रेडीइतकेच पैसे मिळाले, आणि त्यावरून बँडमध्ये बरेच रुसवेफुगवे झाले. पुढे १९८९ पासून त्यांनी सगळ्या गाण्यांवर चौघांचं मिळून एकच नाव घालायला सुरुवात केली. तोवर टेलरने आणखी काही गाजलेली गाणी लिहून ठेवली होतीच.

या गोष्टीतलं एक तांत्रिक सत्य पालकांना सोडाच, बँडमधल्या मुलांनाही माहीत नसतं. गाण्याचे हक्क ठरवताना धरले जातात शब्द आणि चाल. ड्रमरने कितीही अफलातून ठेका दिला तरी तो सहसा ‘रचने’त मोजला जात नाही. नुसता वाजवणारा म्हणजे रोजंदारीवरचा माणूस. लिहिणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर लागतं. आपल्या कायद्यात तर हे बऱ्यापैकी पक्कं झालंय. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला समान वाटा सोडून देता येत नाही, करारात कुणी तसं लिहून घेतलं तरी ते कलम टिकत नाही. हा हक्क हयातभर आणि नंतर वारसांना साठ वर्षं. ही रॉयल्टी गोळा करून वाटायचं काम इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, करते. चिरंजीवांचं एखादं गाणं रीतसर प्रसिद्ध झालं की त्यांनी तिथे सभासद व्हायचं. त्याआधीचं काम घरबसल्या होतं : प्रत्येक गाण्याखाली तारीख, शब्द कुणाचे, चाल कुणाची, कुणाचा किती टक्के वाटा, आणि बँडमधल्या सगळ्यांच्या सह्या. मुलं म्हणतात, ‘आम्ही मित्र आहोत, आमच्यात असलं काही नको.’ मित्र आहेत तोवरच लिहून घ्यायचं असतं.

मात्र एवढ्यावरून रॉयल्टीवर घर चालेल असं समजू नका. ऑनलाइन ऐकल्या जाणाऱ्या एका गाण्यामागे हातात येणारी रक्कम इतकी किरकोळ असते की सुरुवातीची काही वर्षं ती धरूच नये. ती वर्षं काढायची हातांवर, म्हणजे वाजवण्यावर.

तर तुमचा मूळ प्रश्न : पोट भरतं का? भरतं, पण रॉक वाजवून फार कमी जणांचं. लग्नं, कंपन्यांचे कार्यक्रम, ऑर्केस्ट्रा, चर्चमधलं वादन, नाटकांची आणि रिॲलिटी शोची कामं, शिकवण्या, यांची गोळाबेरीज करून भरतं. सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये एकेकाळी रिदम सेक्शनला वादकांची रांग बसायची. आता तिथे बरंचसं काम संगणकावर होतं. म्हणून मी ड्रमर मुलांना दोन गोष्टी हमखास सांगतो. एक, ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य, शिका. रॉकवाली मुलं त्याला नाक मुरडतात, पण महाराष्ट्रातला ऑर्केस्ट्रा त्यावरच चालतो, आणि सांगली-कोल्हापूर पट्ट्यात सीझनमध्ये चांगला ऑक्टोपॅडवाला मिळत नाही म्हणून आयोजक फोनवर फोन करत असतात. दुसरी, संगणकावर ठेका बांधायला शिका. शिवाय ट्रिनिटी किंवा रॉकस्कूलच्या ड्रम ग्रेड परीक्षा आठव्या ग्रेडपर्यंत द्याव्यात. वाजवायचं काम त्यांनी मिळत नाही, पण शाळेत किंवा क्लासमध्ये शिकवायचं झालं तर कागद लागतो.

वाजवता वाजवता गातो, हे ऐकून मात्र मला बरं वाटलं, कारण हे दिसतं त्यापेक्षा फार अवघड आहे. उजवा हात हाय-हॅटवर (झांजांच्या जोडीवर) सरळ चालतो, डावा दुसऱ्या-चौथ्या मात्रेला स्नेअरवर (समोरच्या छोट्या ड्रमवर) पडतो, पायाचा किक (मोठ्या ड्रमवरचा ठोका) वेगळाच, आणि गाण्याची ओळ या तिघांच्याही मधूनच उचलावी लागते. बहुतेक मुलं फिल, म्हणजे दोन ओळींमधला भरीचा तुकडा, मारताना नकळत श्वास रोखतात आणि पुढच्या ओळीचा पहिला शब्द गिळतात. त्याचा एखादा व्हिडिओ असेल तर हेच बघा : फिलनंतरचा पहिला शब्द पूर्ण ऐकू येतो का? नसेल तर उपाय आपल्याकडचाच आहे, पढंत. तबलजी आणि कथ्थकवाले हातावर ताल धरून बोल म्हणतात तसं त्याने मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला सत्तर ठोक्यांवर लावून आधी नुसते शब्द म्हणायचे, मग त्यात फक्त हाय-हॅट, मग पाय, शेवटी स्नेअर. मुंबईचे रणजित बारोट ड्रम वाजवतात, गातात, संगीतही देतात. ते कथ्थक नर्तकी सितारादेवींचे चिरंजीव, म्हणजे पढंत घरातच. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’मध्ये असीम चक्रवर्ती तबला वाजवत मुख्य गायन करायचे, ड्रमर अमित किलामही गातात. तेव्हा ‘ड्रमरने गायचं नसतं’ असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून द्यायचं.

तब्येतीचंही लिहितो, कारण पालक अभ्यासाचं विचारतात आणि हे विचारत नाहीत. ड्रमसेटचा आवाज सहज शंभर डेसिबलच्या वर जातो. कामाच्या जागेसाठी अमेरिकेत वापरला जाणारा निकष असा : पंचाऐंशी डेसिबलला आठ तास, आणि दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा. या हिशेबाने शंभर डेसिबलला पंधरा मिनिटं. त्याला संगीतकारांचे इअरप्लग आणून द्या, कापसाचे बोळे नकोत. (शेजाऱ्यांचा प्रश्न त्याने सुटणार नाही, त्यासाठी प्रॅक्टिस पॅड, म्हणजे कमी आवाजाचा रबरी पॅड.) मनगट आणि मान यांचंही तसंच. फिल कॉलिन्स जेनेसिस बँडचा ड्रमर होता, मुख्य गायक सोडून गेल्यावर तोच गायला लागला आणि पुढे स्वतःच्या गाण्यांवर जगभर गाजला. मानेच्या दुखण्यानंतर त्याच्या हातांनी काठी नीट धरता येईनाशी झाली. बँडच्या शेवटच्या दौऱ्यात, २०२१-२२ मध्ये, तो खुर्चीत बसून गायला आणि ड्रमवर होता त्याचा मुलगा. हात थांबल्यावरही त्याच्याकडे गळा होता आणि लिहिलेली गाणी होती.

आता बीडीएस. ‘आधी बीडीएस करून घे, मग काय हवं ते कर’ हा तुमच्या घरातला तोडगा असेल, तर मला तो पटत नाही. चार वर्षं आणि वर (एक वर्ष) इंटर्नशिप. शेवटच्या दोन वर्षांत क्लिनिकल पोस्टिंग आणि पेशंटचा कोटा पूर्ण करताना मुलांना जेवायला वेळ होत नाही, तिथे बँडची प्रॅक्टिस कसली? मिस्टरांना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. दंतवैद्यक हा मन लावून करायचा व्यवसाय आहे, ‘हाताशी असू दे’ म्हणून करायचा नव्हे. अनिच्छेने झालेल्या डेंटिस्टच्या खुर्चीत तुम्ही तरी बसाल का?

नीट मात्र त्याने द्यावी. अभ्यास झालेला आहे, परीक्षा दिली म्हणजे प्रवेश घेतलाच पाहिजे असं नाही. त्यानंतर पुण्यात तीन वर्षांची साधी पदवी, जी त्याला ओढाताण न करता पास होता येईल आणि संध्याकाळ मोकळी राहील अशी. विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात संगीताचं शिक्षण आहे, पण ते शास्त्रीय संगीताचं. ड्रमसेटसाठी तो रस्ता नव्हे. पाश्चात्त्य पद्धतीचं पूर्णवेळ शिक्षण हवं तर चेन्नईला ए. आर. रहमान यांचं केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरी आहे, पण ते पदवीच्या पहिल्या वर्षानंतर बघा. पुणं मी मुद्दाम म्हणतोय. तिथे वाजवायला जागा आहेत, ऐकायला लोक आहेत, आणि एनएच-सेव्हन वीकेंडरसारखा महोत्सव २०१० मध्ये तिथेच सुरू झाला. मुंबई आयआयटीच्या मूड इंडिगोमधली बँडची स्पर्धाही हाकेच्या अंतरावर.

मुलालाही एक सांगायचंय, त्याला हे वाचून दाखवा. बाळा, कॉलेजचा बँड बहुतेक वेळा तिसऱ्या वर्षी मोडतो. गिटारवाला एमएसला जातो, बासवाल्याला कंपनीत नोकरी लागते. त्या दिवशी तुझ्याकडे स्वतःची पंधरा-वीस पूर्ण गाणी असली तर तू नवीन बँड उभा करशील. नसली तर तू दुसऱ्याच्या बँडमधला ड्रमर होशील. त्यातली निम्मी तरी मराठीत असू देत. सांगलीच्या मुलाला ज्या भाषेत भांडता येतं त्या भाषेत गाणं लिहिता येत नसेल, तर काहीतरी चुकतंय. आणि दुसऱ्या वर्षापासून प्रॅक्टिस रूमचं भाडं, काठ्या, ड्रमवरची स्किन, प्रवास हा खर्च बाबांकडे मागायचा नाही, वाजवून काढायचा. तो निघत नसेल तर आपण पुन्हा बोलू.

मिस्टरांशी एक बोलणं तुम्हालाच करावं लागेल, ताई. त्यांचा राग ड्रमवर असेल असं मला वाटत नाही. दवाखाना पुढे कोण चालवणार, हा प्रश्न त्यांना पडलाय आणि तो ते मोठ्याने विचारत नाहीयेत. प्रश्न खरा आहे, पण तो घराचा आहे. सतरा वर्षांच्या मुलाच्या प्रवेश-अर्जावर त्याचं उत्तर मागू नका. हाताखाली एखादा तरुण डेंटिस्ट घेता येईल का, भागीदारी होईल का, हे त्यांच्याच व्यवसायातल्या कुणाशी तरी बोलू देत.

ड्रमसेट विकू नका. जुन्या सेटला किंमत येत नाही आणि नवा घ्यायला दुप्पट लागतील. मुलाकडून त्याची गाण्यांची वही घ्या आणि त्यातली कोणतीही तीन गाणी मला टाइप करून पाठवायला सांगा. नुसते शब्द, रेकॉर्डिंग नको. एक मराठीतलं असावं. नसेल तर लिहून मग पाठवू दे, नीटची परीक्षा झाल्यावर पाठवलं तरी चालेल.