जॉर्ज मायकलचा 'ओल्डर' हा अल्बम इतका उदास का आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 'व्हॅम' या जोडगोळीची गाणी आणि 'फेथ' हा अल्बम ऐकून ब्रिटिश पॉप गायक जॉर्ज मायकल आवडायला लागला, मग 'ओल्डर' लावला, तर तो गायकच कुठेतरी हरवल्यासारखा वाटला. रेकॉर्ड कंपनीशी झालेल्या भांडणामुळे तो असा झाला का, की वय वाढलं म्हणून गंभीर व्हावंसं वाटलं? आणि हा अल्बम ऐकावा तरी कसा?

भांडण झालं होतं, आणि ते साधंसुधं नव्हतं. पण 'ओल्डर'मधला काळोख त्या भांडणाचा नाही. तो एका माणसाच्या जाण्याचा आहे, आणि ज्याचं माणूस गेलं त्याला ते चारचौघांत सांगायची सोय नव्हती. मला विचाराल तर या अल्बमबद्दल एवढं एक कळलं की बाकीचं आपोआप उलगडत जातं.

त्या माणसाचं नाव अँसेल्मो फेलेप्पा. जानेवारी १९९१मध्ये ब्राझीलमध्ये 'रॉक इन रिओ' महोत्सव झाला, तिथे जॉर्जची आणि त्याची भेट झाली. जॉर्ज तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. 'फेथ'सारखा अल्बम त्याच्या नावावर होता: त्यातली चार गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली होती आणि १९८९मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं होतं. इतकं सगळं मिळालेल्या या माणसाने पुढे अनेकदा सांगितलं की आपल्यावर कोणी निखळ प्रेम करतंय, असं त्याला पहिल्यांदा अँसेल्मोमुळे वाटलं. या सुखाला जेमतेम काही महिने झाले आणि अँसेल्मोला एचआयव्हीची लागण झाल्याचं कळलं.

२० एप्रिल १९९२ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर 'क्वीन' या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या स्मरणार्थ मोठी मैफल झाली. फ्रेडी आदल्या नोव्हेंबरमध्ये एड्सने गेला होता. त्या मैफलीत जॉर्जने 'क्वीन'चं 'समबडी टू लव्ह' गायलं. त्याचं चित्रण सहज मिळतं, तेवढं एकदा नक्की पाहा. अख्खं स्टेडियम बेभान झालेलं आहे आणि मधोमध हा माणूस जीव ओतून गातो आहे. सगळ्यांना वाटलं, काय आवाज लागलाय! तो स्वतः कोणासाठी प्रार्थना करत होता हे त्या हजारो लोकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असणार. हे कळण्याआधी मी ते गाणं कितीतरी वेळा पाहिलं होतं. कळल्यानंतर पुन्हा पाहिलं, तेव्हा मला ते शेवटपर्यंत बघवेना.

मार्च १९९३मध्ये अँसेल्मो गेला. आता त्या काळातलं ब्रिटन डोळ्यांपुढे आणा. १९८८च्या कायद्यातल्या 'कलम २८'नुसार समलिंगी नात्यांचा पुरस्कार करायला स्थानिक सरकारी संस्थांना मनाई होती, आणि इंग्लंडमध्ये ते कलम २००३पर्यंत टिकलं. टॅब्लॉइड वर्तमानपत्रं कोण कोणाबरोबर राहतो याच्या पाळतीवर असायची. जॉर्जने घरीसुद्धा काही सांगितलेलं नव्हतं. अँसेल्मो गेल्यावर त्याने आईवडिलांना पत्र लिहून सगळं सांगितलं. म्हणजे मुलाचं प्रेम आणि त्या प्रेमाचा शेवट, दोन्ही आईला एकाच पत्रातून कळलं. लोकांसमोर मात्र अवाक्षर नाही. घरातलं माणूस गेलं की लोक भेटायला येतात, विचारपूस करतात, रडू देतात. याच्या वाट्याला जाहीरपणे त्यातलं काहीच येणार नव्हतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सोनी या त्याच्या रेकॉर्ड कंपनीविरुद्धच्या खटल्याची सुनावणी सुरू झाली. आपला करार म्हणजे वेठबिगारी आहे, कंपनी आपल्याला मनासारखं काम करू देत नाही, अशी त्याची तक्रार होती. जून १९९४मध्ये तो खटला हरला. पुढे ड्रीमवर्क्स आणि व्हर्जिन या कंपन्यांनी त्याला त्या करारातून सोडवून घेतलं, म्हणून 'ओल्डर' निघू तरी शकला. १९९० ते १९९६ या सहा वर्षांत त्याचा नवा अल्बम का आला नाही, याचं कारण म्हणून खटला पुरतो. आल्यावर तो असा का होता, याला मात्र खटला हे उत्तर होत नाही.

जवळपास दीड वर्ष त्याला काही लिहिताच आलं नाही. मग 'जीझस टू अ चाइल्ड' आलं. नोव्हेंबर १९९४मध्ये बर्लिनच्या ब्रांडनबुर्ग दरवाजासमोर एमटीव्हीचा सोहळा झाला, तिथे त्याने ते पहिल्यांदा लोकांपुढे गायलं. जवळपास सात मिनिटांचं गाणं, अगदी संथ, ब्राझीलच्या बोसा नोव्हा या संगीतशैलीच्या मऊ ठेक्यावर तरंगणारं. इथे थांबून कान द्यायला हवा. दुःखी गाण्यासाठी पॉप गायक पियानो आणि व्हायोलिनचा ताफा घेतो, तसं त्याने केलं नाही. गेलेल्या माणसाच्या देशातला ताल त्याने उचलला. गाण्यात अँसेल्मोचं नाव नाही, 'तो' की 'ती' हेही नाही, फक्त 'तू' आहे. ऐकणारा ते कोणासाठीही समजू शकतो. पण ताल सांगायचं ते सांगून टाकतो. जानेवारी १९९६मध्ये ते ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर आलं. जॉर्जच्या मृत्यूनंतर उघड झालं की या गाण्याची कमाई तो गाजावाजा न करता मुलांसाठीच्या 'चाइल्डलाइन' या हेल्पलाइनला देत होता.

मे १९९६मध्ये अल्बम आला तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता, आणि नाव ठेवलं 'ओल्डर'. मुखपृष्ठावर अर्धा चेहरा अंधारात. 'फेथ'मधला तो आणि हा यांच्या आवाजातला फरक तुम्हाला जाणवला असणार. आधी तो आवाज दूरवर फेकायचा, शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत. इथे तो माइकच्या इतका जवळ आहे की घेतलेला श्वास ऐकू येतो. पट्टी बऱ्याच ठिकाणी खालची, ताना मोजक्या. ज्याचा आवाज इतका पोहोचतो त्याने तो मुठीत धरून गावं, याला फार मोठा संयम लागतो. तुम्हाला जो 'हरवलेला गायक' वाटला, तो मला त्याच्या सगळ्या कामात इथेच सर्वांत जास्त हजर वाटतो.

आता 'फास्टलव्ह'. मीही सुरुवातीला या अल्बममधून एवढंच गाणं ऐकायचे आणि बाकीची पुढे ढकलायचे. नाचायला लावणारं, चकचकीत, जुन्या जॉर्जची आठवण करून देणारं. पण ते नीट ऐका. यातला माणूस प्रेमाबिमाच्या भानगडीत पडायचं नाही, आजची रात्र तेवढी पुरे, असं म्हणतो आहे. आणि मध्येच त्याला आपलं कोणीतरी आठवतं, ते जवळ नाही हे तोंडून निघून जातं आणि पुन्हा ठेका सुरू. त्याने या गाण्यात पॅट्रिस रशनच्या १९८२मधल्या 'फर्गेट मी नॉट्स'चं ध्रुवपद विणलं आहे. 'मला विसरू नकोस' असं नाव असलेल्या फुलांचं ते गाणं. विसरण्यासाठी बाहेर पडलेल्या माणसाच्या गाण्यात मागून 'विसरू नकोस' ऐकू येत राहतं. या अल्बममधलं सर्वांत दुःखी गाणं कोणतं असं विचारलं, तर मी हेच सांगेन. आणि तेच 'जीझस टू अ चाइल्ड'च्या लगेच नंतर, दुसऱ्या क्रमांकावर ठेवलं आहे.

'स्पिनिंग द व्हील'मध्ये जोडीदार रात्र रात्र बाहेर असतो आणि घरी थांबलेला माणूस नुसता चिडत नाही, घाबरतो. जुगाराच्या फिरत्या चाकाची प्रतिमा आहे. पणाला काय लागलंय हे त्या वर्षांत कोणालाही फोड करून सांगायची गरज नव्हती. एक गोष्ट मला इथे फार लागते. एचआयव्हीवर अनेक औषधं एकत्र देण्याचा उपचार रूढ व्हायला लागला तो १९९६मध्येच, म्हणजे हा अल्बम दुकानात आला त्याच वर्षी.

'यू हॅव बीन लव्हड' अल्बमच्या अगदी शेवटाकडे येतं. आपल्या मुलाच्या थडग्यावर एकटीच जाणारी एक आई त्यात आहे. स्वतःच्या दुःखाबद्दल जॉर्जला मोकळेपणी बोलता येत नव्हतं, म्हणून त्याने त्या आईकडे पाहिलं, असं मला वाटतं. सप्टेंबर १९९७मध्ये ते एकल गाणं (सिंगल) म्हणून वेगळं निघालं, तेव्हा त्याची स्वतःची आई जाऊन सात महिने झाले होते आणि राजकुमारी डायनाच्या मृत्यूने ब्रिटन हादरलेलं होतं. ते दुसऱ्या क्रमांकावर राहिलं. वर होतं डायनासाठी एल्टन जॉनने गायलेलं 'कँडल इन द विंड'.

सगळीच गाणी या तोडीची आहेत असं नाही. 'स्टार पीपल' मला आजही थोडं उपरं वाटतं, प्रसिद्धीवरचा राग तिथे जास्त आहे. अमेरिकेत अल्बम सहाव्या क्रमांकापर्यंतच पोहोचला. तिथे लोक दुसऱ्या 'फेथ'ची वाट पाहत होते असं दिसतं. ब्रिटनमध्ये मात्र तो पहिल्या क्रमांकावर गेला आणि त्यातली सहा एकल गाणी पहिल्या तिनांत आली. त्याला नेमकं काय झालंय हे माहीत नसतानाही लोकांना ते पोहोचलं होतं.

ऐकावा कसा, तर गाणी उलटसुलट लावू नका. पहिल्यापासून शेवटपर्यंत, तासाभराचा वेळ काढून, शक्यतो रात्री. 'फेथ'शी तुलना करायची तर ती 'फेथ'मधल्या 'वन मोअर ट्राय'शी करा. हा काळोख तिथेही आधीपासून होता, फक्त आजूबाजूच्या गाण्यांच्या झगमगाटात दिसत नव्हता. आणि जमलं तर अल्बमबरोबरची पुस्तिका शोधा. त्यात अर्पणपत्रिका आहे. दोन नावं आहेत: बोसा नोव्हाचे संगीतकार अंतोनियो कार्लोस जोबिम, ज्यांनी आपली संगीत ऐकण्याची रीत बदलली, आणि अँसेल्मो फेलेप्पा, ज्याने आपल्या आयुष्याकडे पाहण्याची नजर बदलली. अकरा गाण्यांत जे नाव एकदाही घेतलं नाही, ते तिथे बारीक अक्षरांत छापलं आहे. ज्यांना कळायचं होतं त्यांना तेव्हाच कळलं.

एप्रिल १९९८मध्ये बेव्हर्ली हिल्समध्ये त्याला अटक झाली आणि त्यानंतर आपण समलिंगी आहोत हे तो टीव्हीवर उघडपणे बोलला. पुढचा स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम 'पेशन्स' २००४मध्ये आला. 'ओल्डर' पचल्यावर त्यातलं एकच गाणं लगेच ऐका: 'प्लीज सेंड मी समवन'. त्याच्या नावापुढे कंसात लिहिलं आहे, 'अँसेल्मोचं गाणं'.