वाळू कधी उडणार हे मॉडेलला आधी कळतं का?

वाळवंटात वाळू-धूळ कधी उडणार हे कॉम्प्युटर मॉडेल सांगतं का, असं विचारलंयत. धुळीचं दोन-तीन दिवस आधी बऱ्यापैकी सांगतं, वाळूचं तुमच्या दारापुरतं विचाराल तर नाही. मी नऊ वर्षं आखातात रस्त्यांच्या मेंटेनन्सला होतो, वाळू उपसण्यात जन्म गेला म्हणा ना, तरी गुहागरला आमचे भावोजी मला वाळू शिकवतात.

झालं काय, त्यांनी किनाऱ्याला लागून वाडी घेतली, वाळू धरून ठेवणारी होती नव्हती ती मर्यादवेल उपटली आणि जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडी भिंत, घातली. मी म्हटलं भावोजी, झावळ्यांचं कुंपण घाला, वारा थोडा आत येऊ दे, मंदावला की वाळू तिथेच टाकतो. तर म्हणे मोबाइलवर वाऱ्याची सरासरी ताशी 18 किलोमीटर दाखवतात, त्याला कसली वाळू उडते, उडाली तर पावसाळ्यात. अहो पावसाळ्यात वाळू ओली, ती कशाला उडतेय! उडते ती एप्रिल-मेच्या दुपारी. सुकी वाळू साधारण ताशी 20-22 किलोमीटरला हलायला लागते आणि नीट सुटली की हिशोब घनात जातो, वारा दुप्पट तर वाळू आठपट, लिबियाच्या वाळवंटात हिंडलेल्या बॅगनॉल्ड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने 1941 मधेच लिहून ठेवलंय. सकाळी 4 नि दुपारी 32, सरासरी 18, म्हणजे कागदावर वाळू जागची हलत नाही. तिसऱ्या मे महिन्यात ती गडग्याला समुद्राकडून चढत चढत माथ्याला टेकली आणि तिथून आत, माडाच्या रोपांची आळी भरली. ताई घमेल्याने उपसत होती, भावोजी ओटीवर.

मॉडेललाही नुसता वारा पुरत नाही, ओलावा, झुडपं, कणाचा आकार सगळं लागतं. वाळूचा कण उड्या मारत जातो, कमरेच्या वर फारसा नाही, पण आपटताना बारीक धूळ उडवतो, ती वर चढून हजार किलोमीटर जाते. जानेवारी 2022 ला मुंबईत गाड्यांवर पांढरा थर बसलेला ना, ती पाकिस्तानकडून आलेली. आखातातला शमाल मोठ्या पसाऱ्याचा वारा, म्हणून आधी दिसतो. हबूब, म्हणजे भिंतीसारखं येणारं धुळीचं वादळ, मात्र गडगडाटी ढगातली थंड हवा खाली आदळली की उठतो, तो आकाराने छोटा, म्हणून मोठ्या मॉडेलच्या चौकटीत सापडत नाही.

हां, मी सुपरवायझर होतो, इंजिनिअर नाही, आकडे ढोबळ धरा, जाड वाळूला वारा जास्त लागतो. आणि झावळ्यांचं कुंपणही गाडलं जातं, त्यावर परत नवीन लावावं लागतं. पण भावोजी, वाचत असाल तर, गडग्यात निम्मी भोकं ठेवली असतीत तरी चाललं असतं.