मुखियाची सही घेतली की झालं का?

प्रश्न: ताई, मी गोरेगावला राहते, पब्लिक हेल्थ शिकतेय. प्रोजेक्टसाठी आरेतल्या एका वारली पाड्यात हिमोग्लोबिन आणि सिकलसेलसाठी (रक्ताचा आनुवंशिक आजार) रक्त घ्यायचंय, पण बायका नाही म्हणतायत. एक आजी म्हणाल्या, रक्त नेता नि परत तोंड दाखवत नाही. आमचे सर म्हणतात पाड्याच्या मुखियाची सही घे, पुरे. पुरे आहे का?

उत्तर: नाही गं, पुरे नाही. मुखियाला विचारायचंच, तो मान आहे, पण त्याच्या हो म्हणण्याने दुसऱ्याच्या दंडात सुई घालता येत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या गाइडलाइन्समध्येही हेच आहे, वस्तीच्या प्रमुखाची परवानगी घेतली तरी प्रत्येकाची संमती वेगळी घ्यायची, सरांना तेवढं पान उघडून दाखव. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये २००९ साली एचपीव्ही लशीच्या (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरच्या) प्रोजेक्टमध्ये हॉस्टेलच्या मुलींच्या फॉर्मवर पालकांऐवजी वॉर्डनच्या सह्या निघाल्या, त्यात कितीतरी मुली आदिवासी, मग २०१० मध्ये ते काम थांबवावं लागलं.

आणि आजी चुकीचं काय बोलल्या सांग. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या हवासुपाई लोकांनी १९९० नंतर डायबेटिससाठी म्हणून अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीला रक्त दिलं, आणि तेच रक्त स्किझोफ्रेनियाच्या नि त्यांचे पूर्वज कुठून आले ह्याच्या अभ्यासाला वापरलं, त्यांना न विचारता. कोर्टकचेरी झाली, २०१० मध्ये युनिव्हर्सिटीला ७ लाख डॉलर द्यावे लागले आणि उरलेलं रक्तही परत करावं लागलं. म्हणून उरलेल्या रक्ताचं काय करणार, फेकणार की फ्रीजरमध्ये ठेवणार, हे आधी सांग, फॉर्मवर बारीक अक्षरात नाही, तोंडाने.

सिकलसेलचं तर अजून नाजूक आहे. नुसता कॅरिअर, म्हणजे आईबापापैकी एकाकडूनच तो जीन आलेला माणूस, बहुतेक ठणठणीत असतो, नवराबायको दोघं कॅरिअर असले तर प्रत्येक मुलाला आजार व्हायची शक्यता २५ टक्के. पण पाड्यात हे एवढं नीट पोचत नाही, पोचतं ते 'तिच्या रक्तात दोष आहे' आणि पोरीचं ठरलेलं लग्न मोडतं. रिपोर्ट ज्याचा त्याच्याच हातात, बाजूला बसवून, वारली बोलणारं कुणीतरी सोबत घेऊन. चावडीवर यादी वाचायची नाही, तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो तर अजिबात नको.

मी पण सुरुवातीला सकाळी अकराला वजनकाटा घेऊन जायचे, बायका भाजी विकायला नाहीतर घरकामाला गेलेल्या, घरी म्हातारी माणसं नि कोंबड्या, आणि मी डायरीत लिहायचे 'प्रतिसाद कमी'. लाज वाटते आता. संध्याकाळी जा, लावणीच्या दिवसात जाऊच नको, पहिल्या दोन-तीन खेपांना सुई घरीच ठेव आणि त्यांनाच विचार, तुम्हाला कशाची तपासणी हवीय? कदाचित ते म्हणतील रक्त राहू दे, आधी पाण्याचं बघ. मग प्रोजेक्टचा विषय बदलावा लागेल, सर चिडतील, चिडू देत.

रिपोर्ट द्यायला परत कोण जाणार आणि ज्याचं हिमोग्लोबिन ७, म्हणजे फारच कमी, निघेल त्याला दवाखान्यात कोण नेणार, हे ठरलंय का तुमचं? ठरलं नसेल तर आत्ता त्या आजींकडे नुसती चहाला जाऊन ये.