बर्फापाठोपाठ उमलणारी फुले नागपुरात लागतील का?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत मिनियापोलिसला राहते. एप्रिलअखेर, कडेचा बर्फ जेमतेम वितळलेला असताना, तिच्या बागेत ब्लडरूट आणि हिपॅटिका ही रानफुले उमलली. जूनमध्ये येताना तिने त्यांचे कंद आणले, तर ते आमच्याकडे लागतील का? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : लागणार नाहीत, आणि त्याचे कारण निगराणीत नसून या वनस्पतींच्या जीवनक्रमात आहे. पानगळीच्या जंगलात, माथ्यावरच्या झाडांना पालवी फुटून सावली दाट होण्यापूर्वी जे काही आठवडे ऊन जमिनीपर्यंत पोहोचते, त्यातच त्यांना फुलायचे असते. त्यासाठीची कळी आदल्या वर्षीच जमिनीखाली तयार होते आणि कित्येक आठवड्यांची सलग थंडी सोसल्यावरच जागी होते. ब्लडरूटची कळी वर येते ती स्वतःच्याच पानात गुंडाळलेली. पांढऱ्या पाकळ्या दिवसा उघडतात, रात्री मिटतात आणि थोड्याच दिवसांत गळतात. कंद कापला तर नारिंगी-तांबडा चीक निघतो. नागपूरची थंडी कितीही बोचरी वाटली, तरी दुपारी माती तापतेच, आणि मे महिन्यातील ४५ अंशांच्या आसपासच्या उन्हाळ्यात असा कंद तग धरू शकत नाही. कंद फ्रिजमध्ये ठेवण्याचा उपाय ट्यूलिपसारख्या फुलांना एखाद्या हंगामापुरता चालतो. या रानफुलांसाठी तो करू नये.

शिवाय २००३ च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशानुसार परदेशातून कंद आणण्यासाठी आयात परवाना आणि तेथील वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. मातीबरोबर येणारी कीड व बुरशी आपल्या शेतीला महागात पडू शकते, म्हणून सामानात लपवून कंद आणू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन.

पान नसताना थेट जमिनीतून उमलणारे फूल आपल्याला हवे असेल, तर भुईचाफा लावावा. त्याची जांभळट-पांढरी, सुगंधी फुले ऐन उन्हाळ्यात मातीलगत उमलतात आणि पाने नंतर पावसाळ्यात येतात. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे कुंडीत वाळू व शेणखत मिसळून कंद अर्धवट सावलीत ठेवावा. हिवाळ्यात पाने वाळली की पाणी जवळजवळ बंद करावे. कुंडी रिकामी दिसते म्हणून अनेकजण याच वेळी ती उकरतात, तसे करू नये. फूल दिसू लागले की पुन्हा बेताने पाणी सुरू करावे.